‘दोषमुक्त’ नेमके कोणाला म्हणायचे?

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर एका पतसंस्थेतील गैरव्यवहाराची बातमी होती. ‘दोन संचालक दोषमुक्त’ असा तिचा मथळा होता. बातमी शेवटपर्यंत वाचल्यावर कळले की खटला अजून उभाच राहिलेला नाही. आरोप निश्चित होण्यापूर्वीच या दोघांनी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि मुख्य आरोपीवरचा खटला आता चालणार आहे. दोनच दिवसांनी आतल्या पानावर लखनौची एक बातमी आली. ती बहुधा हिंदी वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून केलेली असावी, कारण वाक्यांची ठेवण हिंदी होती. तिच्यातही ‘दोषमुक्त’ हाच शब्द होता. तिथे मात्र सगळे साक्षीदार तपासून झाले होते, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले होते आणि न्यायाधीशांनी अंतिम निकाल दिला होता. पहिल्या बातमीत मूळ इंग्रजी क्रियापद ‘डिस्चार्ज’ आहे, दुसरीत ‘ॲक्विट’. आपल्या पानांवर दोन्ही एकाच शब्दाच्या पोटात गेली आहेत. हा दोष एकट्या आपल्या दैनिकाचा नाही, आणि त्याचे मूळ बरेचसे हिंदीत आणि हिंदीकडे पाहण्याच्या आपल्या सवयीत आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी नागपूर भागात न्यायालयीन अनुवादक म्हणून सत्तावीस वर्षे काम करून निवृत्त झालो. छिंदवाडा, बालाघाट, राजनांदगाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हिंदीतील प्रथम खबरी, जबाब, आदेशांच्या नकला मराठीत उतरवून देणे हे माझ्या कामाचे नेहमीचे अंग होते. त्या काळात ज्या इंग्रजी क्रियापदाच्या हिंदी रूपांनी मला सर्वांत जास्त वेळा अडवले, ते हे ‘ॲक्विट’.

या क्रियापदाचा जन्म फौजदारी न्यायालयात झालेला नाही. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा पहिला अर्थ देणे चुकते करणे, कर्जातून मोकळे करणे असा होता. त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द शांत, निवांत या अर्थाचा आहे. देणे फिटले की माणूस निवांत होतो, एवढी साधी ती कल्पना. गंमत अशी की उत्तर हिंदुस्थानातील कचेऱ्यांनी त्यासाठी जो शब्द धरला, तो अरबी ‘बरी’ही याच घराण्यातला आहे. जबाबदारीतून, देण्यातून, दोषातून मोकळा, असे सगळे अर्थ त्याच्यात एकत्र नांदतात. उर्दूत जबाबदारीतून सुटलेल्याला ‘बरीउज़्ज़िम्मा’ म्हणतात ते त्यावरूनच. म्हणजे दोन अगदी वेगळ्या भाषांनी आपापल्या वाटेने एकच रूपक निवडले होते, आणि भाषांतराच्या धंद्यात असा योग क्वचित येतो. कंपनी सरकारने १८३७ मध्ये न्यायालयांतून फारसी काढली तरी कचेरीचा शब्दसंग्रह काही बदलला नाही; मुलज़िम, मुजरिम, ज़मानत, गवाह यांच्या पंगतीत ‘बरी’ बसला तो आजतागायत. ‘अदालत ने उसे बरी कर दिया’ हे वाक्य पाटण्याच्या रिक्षावाल्यालाही कळते आणि जोधपूरच्या वकिलालाही.

हिंदीतला त्याचा वापरही पाहण्यासारखा आहे. ‘बरी’ला लिंगवचनाचा विकार नाही. ‘वह बरी हुआ’, ‘वे बरी हुए’, ‘वह बरी हुई’. त्यामुळे एखाद्या महिलेविषयी ‘आखिरकार बरी हुई’ असा हिंदी मथळा दिसला की आमच्या शेजारच्या आजी विचारतात, ‘काय झालं होतं हो तिला?’ मराठीत बरी होते ती आजारातून, आणि डिस्चार्जही मिळतो तो दवाखान्यातून. माझा अंदाज असा की मराठी कचेऱ्यांनी फिर्याद, जामीन, मुचलका, दावा एवढे सगळे फारसीतून आलेले शब्द पचवले तरी ‘बरी’ मात्र घेतला नाही, त्याचे कारण हेच असावे की ती जागा आपल्या ‘बरा-बरी-बरे’ने आधीच अडवून ठेवली होती.

दुसरे असे की ‘बरी’च्या आधी येणारा प्रत्यय बदलला की अर्थ सरकतो. ‘हत्या के आरोप से बरी’ म्हणजे त्या एका आरोपातून सुटला. पुरावा नष्ट केल्याच्या आरोपात त्याच निकालपत्रात तो दोषी ठरलेला असू शकतो. ‘हत्या के मामले में बरी’ म्हटले की वाचक समजतो, सगळेच मिटले. हिंदी वार्ताहर घाईत ‘में’ लिहितात आणि आपण त्याचे ‘प्रकरणातून मुक्तता’ करतो. ही चूक मी स्वतःही एकदा केलेली आहे आणि न्यायाधीशांनी भर कोर्टात ती माझ्या पदरात घातलेली आहे, म्हणून एवढे ठामपणे सांगतो.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५१ ने हिंदीची शब्दसंपत्ती वाढवताना मुख्यतः संस्कृतकडे पाहावे असे सांगितले. १९६१ मध्ये राजभाषा (विधायी) आयोग स्थापन झाला आणि केंद्रीय कायद्यांच्या हिंदी पाठांबरोबर विधी शब्दावली तयार होऊ लागली. तिथे ‘ॲक्विट’साठी ‘दोषमुक्त करना’ आणि ‘डिस्चार्ज’साठी ‘उन्मोचित करना’ अशी स्वच्छ वाटणी झाली. १९७३ च्या दंड प्रक्रिया संहितेच्या हिंदी पाठात कलम २२७ च्या शिरोभागी ‘उन्मोचन’ आहे आणि कलम २३२ च्या शिरोभागी ‘दोषमुक्ति’. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमे अनुक्रमे २५० आणि २५५ झाली, वाटणी तीच राहिली. ‘उन्मोचन’ हा शब्द कोणालाही आपला वाटत नाही, हे मान्य. अलाहाबादेत ‘उन्मोचन प्रार्थना पत्र’ लिहिणारे वकील बोलताना ‘डिस्चार्ज लगा दी है’ असेच म्हणतात. तीच गत आरोप निश्चित करण्यासाठी योजलेल्या ‘आरोप विरचित करना’ची, हा ‘विरचित’ मला नेहमी एखाद्या स्तोत्राच्या शेवटी शोभला असता असे वाटते. पण बेढब असला तरी ‘उन्मोचन’ने एक काम चोख केले: त्याने ‘दोषमुक्ति’ला कोणत्याही भेसळीपासून वाचवले. हिंदी वर्तमानपत्रे ‘उन्मोचन’ वापरत नाहीत, ती बहुधा ‘आरोपमुक्त’ लिहितात, आणि अंतिम निकालासाठी त्यांच्याकडे ‘बरी’ आहेच. म्हणजे हिंदी वाचकापुढे कायद्याची जोडी वेगळी आणि वर्तमानपत्राची जोडी वेगळी असली तरी दोन्ही जोड्यांत दोन गोष्टींना दोन शब्द आहेत.

आपल्याकडे नेमके उलटे घडले. त्याच १९७३ च्या संहितेच्या, म्हणजे मराठीतल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, पाठात कलम २२७ चे नाव ‘विनादोषारोप सोडणे’ असे आहे आणि कलम २३२ चे ‘दोषमुक्ती’. म्हणजे मराठीतही कायद्याच्या पुस्तकात ‘दोषमुक्ती’ म्हणजे ‘ॲक्विटल’च. प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधि) अधिनियम, १९७३ खाली राष्ट्रपतींच्या अधिकाराने प्रसिद्ध होणाऱ्या मराठी पाठाला प्राधिकृत पाठाचा दर्जा मिळतो, तेव्हा ही केवळ कोशकाराची आवड-निवड म्हणून सोडून देता येत नाही. परंतु ‘विनादोषारोप सोडणे’ मथळ्यात बसत नाही, बोलण्यात तर त्याहून बसत नाही. दुसऱ्या बाजूला अंतिम सुटकेसाठी मराठी पत्रकारितेने ‘निर्दोष मुक्तता’ किंवा ‘निर्दोष सुटका’ हे लांबलचक पण कानाला सवयीचे शब्द कायम केले. मग ‘दोषमुक्त’ हा आटोपशीर शब्द रिकामा उरला, आणि तो उचलून कोणीतरी ‘डिस्चार्ज’च्या जागी बसवला. आज मुंबईपासून आमच्या नागपूरपर्यंत वकील ‘दोषमुक्तीचा अर्ज’ म्हणतात तेव्हा त्यांना डिस्चार्जचाच अर्ज अभिप्रेत असतो. परिणामी एकच शब्द हिंदी कायद्यात, मराठी कायद्यात आणि मराठी वर्तमानपत्रात, असा तीन ठिकाणी वापरला जातो. पहिल्या दोन ठिकाणी त्याचा अर्थ एक आणि तिसऱ्या ठिकाणी भलताच.

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे एखादा वाचक विचारील. त्याला या दोन क्रियापदांच्या परिणामांतला फरक सांगितला पाहिजे.

डिस्चार्ज हा खटल्याच्या उंबऱ्यावरचा आदेश आहे. पोलिसांनी गोळा केलेले कागद न्यायाधीश पाहतात आणि पुढे जाण्यास पुरेसा आधार नाही असे वाटले तर कारणे नोंदवून आरोपीला तिथेच मोकळे करतात. साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो, उलटतपासणी झालेली नसते. प्रफुल्लकुमार सामल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की या टप्प्यावर न्यायाधीशाने सरकार पक्षाचे नुसते टपाल कार्यालय होऊ नये, त्याने पुरावा चाळून पाहावा, पण तो मर्यादित हेतूने. गंभीर संशयाला जागा आहे की नाही एवढेच पाहावे, अंतिम निकाल द्यायला बसल्यासारखा तो तोलू नये. नव्या संहितेने सत्र न्यायालयातील अशा अर्जाला, खटला तिथे वर्ग झाल्यापासून, साठ दिवसांची मुदत घातली आहे. अशा आदेशाने सुटलेल्या माणसाविरुद्ध पुढे नवा पुरावा आला तर कायद्याचे दार त्याच्यासाठी बंद झालेले नसते.

ॲक्विट केलेल्या माणसाचे तसे नाही. निकाल कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला भरता येत नाही. जुन्या संहितेचे कलम ३००, नव्या संहितेचे ३३७, हे संरक्षण देते, आणि त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात निःसंदिग्ध शब्दांत म्हटले आहे की तक्रार फेटाळणे किंवा आरोपीला डिस्चार्ज करणे म्हणजे या कलमापुरते ॲक्विट करणे नव्हे. कायदे करणाऱ्यांनाच ही गल्लत होईल अशी भीती वाटली होती, म्हणून त्यांनी ती आधीच निपटून ठेवली. आपण मराठीत ‘दोषमुक्त करणे म्हणजे दोषमुक्त करणे नव्हे’ असे लिहिण्याची वेळ स्वतःवर आणली आहे. हा विनोद नाही. मराठी वर्तमानपत्रांतील शब्द वापरून मी ते स्पष्टीकरण एकदा उतरवून पाहिले आणि वाक्य असेच झाले.

संहितेत आणखी एक जागा आहे जिथे ही क्रियापदे जवळजवळ उभी राहतात. सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेतला तर काय होते? आरोप निश्चित होण्यापूर्वी घेतला तर आरोपी डिस्चार्ज, नंतर घेतला तर ॲक्विट. अर्ज तोच, कारण तेच, वकील तोच. सोमवारी एक क्रियापद आणि मधल्या तारखेला आरोप निश्चित झाले की गुरुवारी दुसरे. समन्स खटला, म्हणजे किरकोळ गुन्ह्याचा खटला, मध्येच थांबवण्याचे कलम तर तीन क्रियापदांचा खेळ मांडते: मुख्य साक्षीदारांचा पुरावा झाल्यानंतर थांबवला तर ॲक्विट, एरवी नुसते ‘सोडणे’, आणि या सोडण्याचा परिणाम डिस्चार्जचा. हिंदी पाठात तिथे ‘दोषमुक्ति’, ‘छोड़ना’ आणि ‘उन्मोचन’ असे तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि वाक्य समजते. मी हे कलम नवीन अनुवादकांना सराव म्हणून देत असे. ज्याच्या मराठीत तीनही ठिकाणी ‘मुक्तता’ यायची, त्याला मी परत पाठवायचो.

आता ‘निर्दोष’ या शब्दाकडे येतो, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे. शेजाऱ्यांत मारामारी झाली, दोन्ही बाजूंनी डोकी फुटली, पुढे गावातल्या वडीलधाऱ्यांनी समेट घडवला आणि न्यायालयाने तडजोडीची नोंद घेतली. कायदा म्हणतो, या तडजोडीचा परिणाम ॲक्विटलचा. समन्स खटल्यात फिर्यादी तारखेला हजरच राहिला नाही, तरीही बहुधा ॲक्विटलच. यांपैकी कोणालाही ‘निर्दोष’ असे न्यायालयाने म्हटलेले नाही. ‘दोषमुक्त’ म्हणणे बरोबर आहे, कारण त्याच्यावर ठेवलेल्या दोषातून तो मोकळा झाला. ‘निर्दोष’ म्हणणे म्हणजे न्यायाधीशाच्या तोंडी न उच्चारलेले वाक्य घालणे. याच्या उलटही मी तितक्याच आग्रहाने सांगेन: ॲक्विट झालेल्या माणसाला कायदा निरपराधच समजतो. सुटकेविरुद्धचे अपील ऐकताना निरपराधित्वाचे मूळ गृहीतक या निकालाने अधिक बळकट झालेले असते, ही सर्वोच्च न्यायालयाची भूमिका आहे. म्हणून ‘पुराव्याअभावी सुटला’ असे नाक मुरडून लिहिण्यालाही अर्थ नाही. बातमीने न्यायालय जिथे थांबले तिथे थांबावे.

हिंदीत याच दुखण्याचे नाव ‘बाइज़्ज़त बरी’ असे आहे. चित्रपटांतल्या न्यायाधीशांनी हे शब्द इतक्या वेळा उच्चारले आहेत की सामान्य माणसाला तो कायद्यातला वेगळा वर्ग वाटतो. वस्तुतः संहितेत ‘सन्मानाने सुटका’ नावाचा प्रकारच नाही. तमिळनाडूतील एका पोलीस कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, फिर्यादी फितूर झाल्यामुळे तो फौजदारी खटल्यातून सुटला असला तरी त्याची बडतर्फी योग्य ठरवताना, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे स्पष्ट केले. ‘ऑनरेबल ॲक्विटल’ हे शब्द न्यायनिर्णयांतून घडले आहेत, संहितेला ते माहीत नाहीत. तरीही हिंदी भागातील नोकरीच्या अर्जांत ‘ससम्मान दोषमुक्त’ शब्द भेटतोच. जाता जाता, त्याच चित्रपटांत ‘मुजरिम को बरी किया जाता है’ असेही ऐकू येते. मुलज़िम म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, मुजरिम म्हणजे ज्याचा गुन्हा ठरला तो. मुजरिमला बरी करणारा न्यायाधीश अपिलातच सापडायचा.

या शब्दाच्या घोळाची झळ मी घराजवळ पाहिली आहे. आमच्या वसाहतीतल्या एका मुलाचे नाव विसर्जन मिरवणुकीतल्या भांडणात गोवले गेले. धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचे कलम होते. सीसीटीव्हीच्या चित्रणात तो नव्हता, एका जबाबात ओझरता उल्लेख होता; दंडाधिकाऱ्यांनी जुन्या संहितेच्या कलम २३९ खाली त्याला डिस्चार्ज केले. आदेश इंग्रजीत, दीड पानांचा. घरी पेढे आले, पेढ्यांबरोबर ‘पोरगा दोषमुक्त झाला’ हे वाक्यही आले. दोन वर्षांनी त्याची केंद्र सरकारच्या एका कार्यालयात निवड झाली आणि पडताळणीचा अर्ज भरायला मिळाला तो हिंदीत. प्रकरणाचा शेवट काय झाला या प्रश्नापुढे ‘दोषसिद्ध’, ‘दोषमुक्त’ आणि ‘उन्मोचित’ असे तीन रकाने होते. त्याने अर्थातच मधल्या रकान्यात खूण केली. कार्यालयाने निर्णयाची सत्यापित प्रत मागितली. निर्णय नव्हताच, आदेश होता. मग खोटी माहिती दिल्याबद्दल निवड रद्द का करू नये, अशी नोटीस आली. तो ती घेऊन माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात एका मराठी वर्तमानपत्राचे कात्रणही होते. कोण्या नेत्याच्या डिस्चार्जची ती बातमी, मथळ्यात ‘दोषमुक्त’. ‘काका, पेपरात पण हेच लिहितात ना?’ असे तो म्हणाला. मी खुलाशाचे पत्र हिंदीत लिहून दिले, मराठी वापरातला अर्थ आणि संहितेतला अर्थ समजावला, सोबत प्रतिज्ञापत्र जोडले. चार महिन्यांनी त्याला रुजू करून घेतले. अवतारसिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अर्जांतील माहिती खरी असली पाहिजे हे सांगतानाच, चूक कोणत्या स्वरूपाची आहे आणि प्रकरण कसले होते हे नियोक्त्याने पाहावे, असेही म्हटले आहे. त्याचा आधार आम्हाला मिळाला. ज्याच्या शेजारी निवृत्त अनुवादक राहत नाही, त्याचे काय होत असेल याचा विचार मी अजून करतो.

मोठ्या खटल्यांत हा फरक अधिक ठळक दिसतो. अयोध्येच्या वास्तूविध्वंस प्रकरणात काही नेत्यांविरुद्धची कार्यवाही विशेष न्यायालयाने ४ मे २००१ रोजी थांबवली, उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो आदेश कायम ठेवला, आणि १९ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कटाचा आरोप पुन्हा उभा केला. खटला चालून ३० सप्टेंबर २०२० रोजी लखनौच्या विशेष न्यायालयाने सर्व ३२ आरोपींना सोडले, तेव्हा हिंदी वर्तमानपत्रांनी ‘बरी’ हा शब्द वापरला. २००१ मध्ये कोणी हाच शब्द छापला असता तर २०१७ चा आदेश वाचकाला कळलाच नसता, कारण ‘बरी’ झालेला माणूस पुन्हा त्याच पिंजऱ्यात कसा? आपल्याकडे मालेगावची दोन प्रकरणे आहेत. २००६ च्या स्फोटांत आधी पकडलेल्या आरोपींना विशेष न्यायालयाने २५ एप्रिल २०१६ रोजी डिस्चार्ज केले. २००८ च्या स्फोटातील सात आरोपींना ३१ जुलै २०२५ रोजी, खटला पूर्ण चालून, ॲक्विट केले. गाव एक, निकाल दोन जातींचे. दोन्ही बातम्यांत एकच शब्द वापरला, तर एकात पुराव्याची छाननी उंबऱ्यावर झाली आणि दुसऱ्यात साक्षीदारांच्या रांगा संपल्यावर झाली, हे कोणत्याच वाचकाला कळणार नाही, मग त्याची सहानुभूती कोणत्याही बाजूला असो. ९ सप्टेंबर २०२१ रोजी महाराष्ट्र सदन प्रकरणात श्री. छगन भुजबळ यांना विशेष न्यायालयाने डिस्चार्ज केले, त्यालाही ‘निर्दोष मुक्तता’ म्हणणे तांत्रिकदृष्ट्या चूकच.

‘क्लीन चिट’विषयी फार लिहीत नाही. पोलिसांनी बी समरी, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल, पाठवली तरी क्लीन चिट, उत्तर प्रदेशात एफआर, म्हणजे तपास बंद करणारा अंतिम अहवाल, लागली तरी क्लीन चिट, डिस्चार्ज झाला तरी तीच. त्या शब्दाला कायद्यात घर नाही, म्हणून तो कोठेही राहू शकतो.

आपले उपसंपादक म्हणतील, शास्त्राद् रूढिर्बलीयसी. ‘दोषमुक्तीचा अर्ज’ आता वकिलांच्या तोंडी बसला आहे, तो तुम्ही कसा उपटणार? रूढीचा मान मीही ठेवतो. रूढीने ‘अपास्त’ला हाकलून ‘रद्द’ आणला, मला आनंदच झाला. परंतु रूढ शब्द जेव्हा त्याच भाषेतल्या कायद्याच्या पुस्तकात नेमक्या शेजारच्या गोष्टीचे नाव असतो, तेव्हा ती रूढी वाचकाला फसवते. त्यातून आता नव्या संहितांची नावेच हिंदी-संस्कृत वळणाची आहेत, दिल्लीहून येणारा मजकूर अधिकाधिक हिंदीत येतो, आणि हिंदीतला ‘दोषमुक्त’ काना-मात्रेचाही बदल न होता मराठी मथळ्यात उतरतो. शब्द परका दिसला असता तर अनुवादक थबकला असता. हा ओळखीचा दिसतो, म्हणून कोणी कोश उघडत नाही.

माझी सूचना अशी आहे. ‘ॲक्विट’साठी ‘दोषमुक्त’ हाच शब्द ठेवावा, संहितेप्रमाणे. ‘निर्दोष’ हे विशेषण न्यायालयाने स्वतः तसा निष्कर्ष नोंदवला असेल तेव्हाच लावावे. ‘डिस्चार्ज’साठी ‘आरोपमुक्त’ वापरावा. मराठीत तो अधूनमधून दिसतोच, हिंदी वर्तमानपत्रांतही चालतो, आणि आरोप निश्चित होण्याच्या टप्प्याशी त्याचे नाते वाचकाला आपोआप लागते. त्याच्यावर एक आक्षेप रास्त आहे: मराठीत ‘आरोप’ म्हणजे कोणीही कोणावर पत्रकार परिषदेत करतो तोही. तेवढ्यासाठी बातमीच्या पहिल्या परिच्छेदात ‘खटला सुरू होण्यापूर्वीच वगळले’ एवढे चार शब्द घालावेत. शब्द कोणताही निवडा, पण दोन गोष्टींना दोन शब्द द्या आणि ते आपल्या लेखननियमांच्या वहीत लिहून ठेवा.

राहता राहिली गेल्या आठवड्यातली ती पतसंस्थेची बातमी. दोन संचालक ‘दोषमुक्त’ असे आपण छापलेले आहे. मुख्य आरोपीचा खटला चालेल, साक्षी होतील, कदाचित ठेवीदार पिंजऱ्यात उभे राहतील, आणि काही वर्षांनी निकाल लागेल. त्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला ॲक्विट केले, तर मथळ्यासाठी आपल्याकडे कोणता शब्द शिल्लक असेल?

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन अनुवादक,
नागपूर